सोळाशेच्या पुढं चढेना: नौकेचं इंजिन तपासून बाहेर काढल्याचा अनुभव

२०२५ च्या शिमग्यानंतर आमच्या नौकेची ताकद गेली. एकदम नाही. नौका हाकणारे आमचे तांडेलकाका आधीपासून म्हणत होते की मतलईवर बाहेर पडताना पूर्वीसारखी उचल मिळत नाही. पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रेस पूर्ण दाबूनही काटा १६५० आरपीएमच्या पुढं जाईना. याच इंजिनावर आम्ही २००० बघितलेले. जीपीएसवर साडेसात नॉट दिसायचे तिथं सहा, आणि जाळी भरून परत येताना त्याहून कमी. मागं काळपट धूर.

नौका हर्णै बंदरातली, ३८ फुटी, फायबरची, गिलनेटवर, म्हणजे पाण्यात उभ्या सोडायच्या जाळ्यावर, चालणारी. इंजिन चार सिलिंडरचं, ८० अश्वशक्तीचं, केबिनच्या फळ्यांखाली बसवलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही डिझेल इंजिनाचं होऊ शकतं. मालक मी आणि धाकटा भाऊ. हिशोब आणि लिलाव तो बघतो, यंत्र माझ्याकडं, कारण लोट्याच्या एका कारखान्यात मी काही वर्षं देखभाल विभागात होतो. पण कारखान्यातलं यंत्र जागचं हलत नाही आणि त्याच्याखाली खारं पाणी नसतं. नौकेचं इंजिन उतरवायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि आधी काय बघायचं, नंतर काय बघायचं हे क्रमानं सांगणारं मराठीत काही सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर.

बंदरावर इंजिनाचं दुखणं बोलून दाखवलं की औषधं भरपूर मिळतात. एकानं डिझेलचा पंप सांगितला, दुसऱ्यानं सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारा नोझल, तिसऱ्यानं सरळ "इंजिन बसलं तुमचं, नवीन टाका." प्रत्येकाच्या नौकेला खरंच तसं झालेलं होतं, त्यामुळं कुणाला खोटं म्हणता येईना. पंप उतरवून पाठवायचा तर पंधरा-वीस हजार आणि आठवडाभर नौका बंद. मी भावाला म्हटलं, आधी फुकटातलं सगळं बघू, मग स्वस्तातलं, मग महागातलं. आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशानं पडला ते कळेल. एक वही केली. तारीख, काय केलं, भाराखाली आरपीएम किती, नॉट किती, धुराचा रंग काय, पाण्याचं तापमान किती. चाचणी नेहमी सुवर्णदुर्गाच्या बाहेर, एकाच पट्ट्यात, जाताना आणि येताना, कारण एका दिशेचा आकडा प्रवाह आणि वारा मिळून फसवतो.

पहिली तपासणी नांगरावरच झाली. न्यूट्रलमध्ये रेस दिली तर इंजिन २२०० पर्यंत सहज चढत होतं. म्हणजे रेसची वायर, वेग आवरणारा गव्हर्नर यांना दोष नव्हता. ते भाराखाली मान टाकत होतं. तापमान ८० च्या आसपास स्थिर, म्हणजे थंडाव्याचा प्रश्न नव्हता. धुराचं गणित साधारण असं असतं: काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी, किंवा इंजिनाला पेलत नाही इतका भार, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ, निळसर म्हणजे ऑइल जळतंय. आमच्याकडं भाराखाली काळपट आणि सकाळी सुरू करताना काही मिनिटं पांढरा. ही सकाळच्या पांढऱ्या धुराची नोंद वहीत होती, पण तेव्हा तिच्याकडं कुणी फारसं बघितलं नाही.

२२ मार्चला डिझेलची बाजू. दोन्ही फिल्टर बदलले, पाणी वेगळं करणाऱ्या वाटीतून थोडं पाणी आणि काळा गाळ निघाला. टाकीची हवा जाण्याची नळी फुंकून बघितली. तरीही शंका राहते: टाकीच्या तळाचा पाईप तुंबला असेल, कुठल्या तरी जोडातून पाईप हवा ओढत असेल. त्यावर उपाय सोपा आहे. वीस लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनाच्या वरच्या पातळीला बांधायचा, त्यात चांगलं डिझेल, आणि पारदर्शक नळीनं सरळ फिल्टरला जोडायचं. परतीची नळीही कॅनमध्येच सोडायची. टाकी, तिचे पाईप, जोड सगळे बाजूला पडतात आणि नळीत बुडबुडे आले तर डोळ्यांना दिसतात. खर्च नळीचा, दीडशे रुपये. भाराखाली आकडा तोच, १६५०. टाकीवरचा संशय गेला. एअर फिल्टर काढून चालवलं, आवाज वाढला, आकडा तोच.

मग बूड आणि पंखा. २९ मार्चची अमावस्या, दुसऱ्या दिवशी पाडवा, म्हणजे मोठं उधाण. दुपारच्या भरतीला नौका पाजपंढरीच्या बाजूला वाळूत बसवली, संध्याकाळच्या सुकतीला पंखा उघडा पडला. पंख्याच्या पाठीवर कालवांची खरबरीत साय होती, बुडाला शेवाळ. पातीचं टोक वाकलंय का, जुन्या जाळ्याचा तुकडा शाफ्टला गुंडाळलाय का, तेही बघितलं. एक दोरी निघाली. शाफ्ट हातानं फिरवला तर मोकळा फिरत होता. घासून, खरवडून, उजेड जाईपर्यंत सगळे लागलो. या कामाचे पैसे लागले नाहीत, पाठ मात्र दोन दिवस बोलत होती. आकडा १७०० वर गेला, वेग पाव नॉटनं वाढला. फरक पडला तो खरा, पण जे गेलं होतं त्याच्या मानानं किरकोळ. काका म्हणाले, "बूड घासलं की कुठलीही होडी थोडी पळतेच. आजार तो नाही."

सायलेन्सरचा पाईपही बघायला हवा होता. धूर बाहेर जायची वाट काजळीनं बारीक झाली की इंजिन गुदमरतं आणि धूर काळाच येतो. मॅनिफोल्डजवळचा जोड सोडवला, आत बोटभर काजळी. खरवडून परत बसवला. आकडा तोच.

इथवर खर्च झाला दोन-अडीच हजार, आणि इंजिनाबाहेरचं सगळं बाद झालं होतं. आता आत शिरायचं होतं.

५ एप्रिलला चारही नोझल काढून चिपळूणला टेस्ट बेंचवर नेले. नोझल काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा हे दोरा बांधून लिहून ठेवा, नाहीतर पुढची अर्धी माहिती हातची जाते. बेंचवर तीन ठीक निघाले: ठरलेल्या दाबाला उघडत होते, फवारा धुक्यासारखा. तिसऱ्या सिलिंडरचा नोझल दाब येण्याआधीच थेंब थेंब गळत होता. तपासणी आणि एका नोझलची नवी टोपी मिळून साडेतीन हजार. नवीन वॉशर घालून बसवले. सकाळचा पांढरा धूर जवळजवळ गेला, आकडा १७५० झाला. भाऊ खूष. हंगाम चालू होता, त्यानं दुसऱ्याच दिवशी नौका पाठवायची तयारी केली.

मला दोन गोष्टी सुटत नव्हत्या. एक म्हणजे ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून भाराखाली ठोके दिल्यासारखा वाफारा येत होता. दुसरी म्हणजे ऑइलची काठी. "ऑइल कमी होत नाही ना, मग रिंगा ठणठणीत," असं दोन अनुभवी माणसांनी सांगितलं होतं आणि काठीवरची पातळी खरंच हलत नव्हती. पण काठीचा वास घेतला तर डिझेलचा. वर्तमानपत्राच्या कडेवर थेंब टाकला तर काळ्या ठिपक्याभोवती फिकट, पातळ कडं पसरलं. ऑइल कमी होत होतं, आणि तेवढंच डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून पातळी भरून काढत होतं. गळणारा नोझल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतो, मग रिंग आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) कोरडे घासतात. नोझल बदलला म्हणून झालेली झीज भरून येत नाही.

तेव्हा मिस्त्री बोलावले. दाभोळ बाजूचे, वय सत्तरच्या पुढं, बंदरावर सगळे त्यांना चाचा म्हणतात. आल्यावर त्यांनी आधी माझी वही मागितली, चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, "बेटा, आधे पैसे वाचवलेस. आता कॉम्प्रेशन."

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, ११ एप्रिलला बघितलं. आधी टॅपेटचं अंतर तपासलं, कारण वाल्व नीट बसत नसेल तरी आकडा कमीच येतो. मग इंजिन गरम करून, डिझेल बंद करून, चारही नोझल काढून, प्रत्येक भोकात अडॅप्टर आणि गेज लावून स्टार्टर मारायचा. बॅटरी पूर्ण चार्ज असली पाहिजे, नाहीतर चौथ्या सिलिंडरपर्यंत येताना स्टार्टर मंदावतो आणि निरोगी सिलिंडरही आजारी दिसतो. आकडे आले ४००, ३९०, २६०, ३८५ पीएसआय. सिलिंडरा-सिलिंडरात दहा टक्क्यांचा फरक चालतो असं चाचा धरतात. तिसरा त्यात कुठंच बसत नव्हता.

आता गळती वाल्वमधून की रिंगांमधून, हे ठरवायचं होतं. वाल्व असेल तर फक्त हेड काढून भागतं. रिंगा असतील तर काम खालपर्यंत जातं. चाचांनी रस्त्यावरच्या टायरवाल्याचा कंप्रेसर टेम्पोत घालून आणला, भाडं पाचशे. तिसरा पिस्टन अगदी वरच्या टोकाला, दोन्ही वाल्व बंद, आणि नोझलच्या भोकातून हवा सोडली. हे करताना पिस्टन जरा जरी टोकावरून हललेला असेल तर हवेच्या दाबानं क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) झटक्यात फिरतो, म्हणून पान्हा पुलीवर ठेवायचा नाही आणि हात पट्ट्याजवळ न्यायचे नाहीत. मग कान लावायचा. हवेच्या तोंडाशी फुसफुस असेल तर इनलेट वाल्व, सायलेन्सरमध्ये असेल तर एक्झॉस्ट वाल्व, कुलंटच्या टाकीत बुडबुडे असतील तर हेड गॅस्केट. आमच्याकडं तिन्ही ठिकाणी शांत होतं. ऑइलच्या काठीची नळी उघडली तर हवा चेहऱ्यावर आली.

माझ्याकडं मोबाईलला जोडायचा बाराशे रुपयांचा बारीक कॅमेरा होता. नोझलच्या भोकातून आत सोडला. लायनरवर उभे ओरखडे स्पष्ट दिसले. काका बराच वेळ मोबाईलकडं बघत बसले. मग नुसतंच म्हणाले, "शिमग्याआधी बघायला हवं होतं." कुणी काही बोललं नाही.

रिंगा आणि लायनर पुष्कळ इंजिनांत जागेवरच बदलता येतात. हेड वरून काढायचं, खालून संप (ऑइलची तळाची परात) उतरवायचा, कनेक्टिंग रॉड सोडवायचा आणि पिस्टन वर ओढायचा. काही इंजिनांना बाजूला झाकणं असतात, त्यातूनही हात जातो. आमच्या इंजिनाला झाकणं नाहीत, आणि संप आणि बुडाच्या मध्ये चार बोटांचीच फट. इंजिन उचलल्याशिवाय संप सुटणार नव्हता. उचलायचंच तर पूर्ण बाहेर काढून क्रँकही बघून घ्यावा, असं ठरलं. तारीख १४ एप्रिल.

यानंतरचे काही दिवस कागदांत गेले, आणि हा भाग लोक सांगत नाहीत. नौकेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाचा मेक, क्रमांक आणि अश्वशक्ती लिहिलेली असते. रत्नागिरीच्या एका माणसानं तयार ओव्हरहॉल केलेलं जास्त ताकदीचं इंजिन बदलून द्यायची तयारी दाखवली होती. आपलं द्या, वर अमुक द्या, दोन दिवसांत बसवून देतो. मोह झाला. पण इंजिन बदललं की क्रमांक बदलतो, अश्वशक्ती बदलते, म्हणजे मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांकडं अर्ज, खरेदीची पावती, पाहणी, प्रमाणपत्रावर नवी नोंद. मच्छीमार संस्थेकडून मिळणारं डिझेल आणि त्यावरच्या मूल्यवर्धित कराचा परतावाही याच कागदांवर चालतो. शिवाय जास्त ताकदीला जुना गिअर, शाफ्ट आणि पंखा जुळेलच असं नाही. आपलंच इंजिन दुरुस्त केलं तर यातलं काही लागत नाही, फक्त ब्लॉक बदलू द्यायचा नाही. मी परवाना कार्यालयात एक साधं पत्र दिलं: इंजिन क्रमांक अमुक, दुरुस्तीसाठी काढत आहोत, तोवर नौका मासेमारीला जाणार नाही. पोच घेतली. क्रमांकाच्या पट्टीचा फोटो नौकेवरच, तारखेसह काढून ठेवला. पट्टी गंजलेली होती, घासून वाचता येईल अशी केली. विमा एजंटला फोन केला. तो म्हणाला, अपघात असेल तर बघू, झीज विम्यात बसत नाही. सरळ उत्तर मिळालं हे बरं झालं.

सगळ्यात अवघड बोलणं खलाशांशी होतं. तिघं नेपाळी, हंगामाच्या हिशोबावर आलेले. मे महिना हाताशी असताना नौका बांधायची म्हणजे त्यांचंही नुकसान. भावानं त्यांचा हिशोब मेअखेरपर्यंतचा धरला; इंजिन काढायला ते हाताशी थांबले आणि मग दोघं दुसऱ्या नौकेवर गेले. हा खर्च दुरुस्तीच्या बिलात कधी दिसत नाही.

नौका आंजर्ल्याच्या खाडीत न्यायची होती. खाडीच्या तोंडाला गाळ आहे, भरतीशिवाय आत शिरणं म्हणजे धोका. २७ एप्रिलच्या अमावस्येचं उधाण धरलं, दुपारच्या भरतीला दुसऱ्या एका नौकेनं ओढत आत नेलं. आमचं इंजिन चालत होतं, पण तोंडावर लाटेत ताकद कमी पडली तर काय, म्हणून दोर आधीच बांधलेला. ओढणाऱ्यांनी पैसे घेतले नाहीत, आम्ही त्यांच्या नौकेत डिझेल घातलं.

उचलायची अडचण वजनाची कमी आणि जागेची जास्त होती. इंजिन केबिनच्या खाली, वर छप्पर. हायड्राचा, म्हणजे फिरत्या क्रेनचा, हात तिथं पोचत नाही. म्हणून दोन टप्पे ठरले: चेन ब्लॉकनं (साखळीच्या कप्पीनं) पायावरून उचलून, फळ्यांवरून पुढं सरकवून मोकळ्या डेकवर आणायचं, आणि तिथून हायड्रानं काठावर. केबिनचं छप्पर नुसत्या फायबरच्या पत्र्याचं, त्याला काही टांगायचं नाही. चाचांनी एक जाड लोखंडी गर्डर आडवा टाकला आणि त्याच्या दोन्ही टोकांखाली लाकडी टेकू थेट बुडाच्या आडव्या फळ्यांपर्यंत नेले, खाली पाट ठेवून, म्हणजे वजन एका जागी न टोचता पसरेल. गर्डर, दोन टनी चेन ब्लॉक आणि पट्टे मिळून दिवसाला आठशे भाडं.

२८ आणि २९ एप्रिल सुटं करण्यात गेले. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी. समुद्राच्या पाण्याचा वाल्व बंद, आणि बंद आहे याची खात्री पाईप सोडवण्याआधी, नंतर नाही. ऑइल आणि कुलंट कॅनमध्ये. खाडीत थेंब जाऊ नये म्हणून बिल्जमध्ये (बुडाच्या पोकळीत) जुनी गोणपाटं आणि पंपाचं स्विच काढलेलं, नाहीतर तो आपणहून सुरू होऊन सगळं ऑइल बाहेर फेकतो. डिझेलच्या नळ्यांच्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधलं. प्रत्येक वायरला पट्टी आणि नंबर, आणि प्रत्येक जोड सोडवण्याआधी फोटो. अल्टरनेटर, स्टार्टर, सायलेन्सरचा बाक काढून ठेवले, वजनही उतरतं आणि बाहेर आलेलं काही अडकून मोडत नाही.

गिअर वेगळा करण्याआधी, तो शाफ्टला जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन्ही तबकड्यांवर छिन्नीनं एक खूण केली. शाफ्ट मोकळा झाला की तो मागं सरकू शकतो, आणि पुरता सरकला तर ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बुडाबाहेर जातो तिथल्या जोडातून, पाणी आत येतं, म्हणून त्याला लोखंडी क्लँप मारून आतून बांधला. इंजिनाच्या प्रत्येक पायाखालच्या पत्र्याच्या पट्ट्या त्या त्या पायाच्या नावानं वेगळ्या पिशवीत. चाचा यावर फार कडक: "इंजिन कोई भी उठायेगा. पट्टी मिली नहीं तो बैठाने में हफ्ता जाता है." एका बोल्टानं अर्धा दिवस खाल्ला. मागचा डावा पाया, गंजून एकजीव झालेला. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी शेवटी कापावा लागला. पायांचे बोल्ट आठवडाभर आधीपासून रोज भिजवत ठेवा.

गिअर आधी वेगळा उतरवला. मग इंजिन, साधारण साडेचारशे किलो. साखळी ताणली, पट्टे बसले, आणि दोन इंच उचलून थांबलो. इथं घाई करायची नाही. सगळीकडं बघायचं: एखादी वायर राहिली का, टेकू हलला का. राहिलीच होती, ऑइलच्या दाबाच्या सेन्सरची. ती काढून पुढचं टोक आधी वर घेतलं, संप पायांच्या वर आला, मग मागचं. ग्रीस लावलेल्या फळ्या खाली सरकवल्या आणि इंजिन त्यांच्यावर टेकवून पुढं ओढलं. दोर पुढून ओढायला आणि एक मागून धरून ठेवायला, कारण नौका थोडी जरी कलली तरी ते आपल्या मर्जीनं चालायला लागतं. तेवढा वेळ कुणी खालच्या बाजूला उभं राहायचं नाही असं काकांनी बजावलं होतं, आणि एक खलाशी दोनदा तिथं गेला म्हणून त्याला काठावर पाठवून दिलं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया. दापोलीहून हायड्रा, येण्या-जाण्यासह साडेपाच हजार. दुपारी दीड-दोनच्या भरतीला नौका काठाला लागली. प्रत्यक्ष उचलणं दहा मिनिटांचं. भरतीची वाट बघणं चार तासांचं. वजन उतरताच नौकेचा मागचा भाग हातभर नाही, पण चांगला चार बोटं वर आला आणि शेवाळाची जुनी रेघ पाण्याबाहेर दिसायला लागली. बिल्जचा पंप आणि नांगराचे दोर त्या हिशोबानं पुन्हा बघून घेतले.

टेम्पो २ मेला निघाला. दाभोळ ते धोपावे फेरीबोट, गुहागर, मग तवसाळ ते जयगड पुन्हा फेरीबोट, आणि रत्नागिरी. महामार्गापेक्षा हे सोयीचं पडलं. चाचा म्हणाले, इंजिन पहिल्यांदाच आरामात खाडी ओलांडतंय. सोबत नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि दुरुस्तीला नेत असल्याचं संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र ठेवलं होतं. वाटेत एकदा दाखवावं लागलं.

वर्कशॉपमध्ये उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगा तुटलेल्या, लायनर ओरबाडलेला. डिझेल मिसळून पातळ झालेल्या ऑइलनं बेअरिंगांचंही नुकसान केलं होतं, दोन ठिकाणी तांबं दिसत होतं. क्रँक पाव मिलिमीटर ग्राइंड करावा लागला. लायनर-पिस्टनचा सेट चारही सिलिंडरला, बेअरिंग, क्रँकचं काम, हेडचे वाल्व, पंपाची तपासणी, मजुरी धरून १ लाख ८६ हजार. नौकेवरचा सगळा खर्च, हायड्रा, टेम्पो, भाडी, हातांची मजुरी साधारण ४० हजार. नवीन इंजिनापेक्षा कितीतरी कमी, तरी संस्थेकडून उचल घ्यावी लागली.

इंजिन १७ मेला परत आलं आणि २० मेपासून पावसानं झोडपायला सुरुवात केली. त्या वर्षी मान्सून २५ मेलाच कोकणात उतरला. निम्मी जुळवाजुळव ताडपत्रीखाली, कपाळावर बॅटरी बांधून झाली. बसवणं हे काढण्याच्या उलट, एवढंच म्हणून भागतं, एक सोडून: शाफ्टची सरळ रेघ. ती नौका वाळूवर असताना जुळवायची नाही. पाण्यात तरंगायला लागली की बूड थोडं वाकतं, म्हणून तरंगल्यावर एक रात्र जाऊ द्यायची. मग कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट चारही बाजूंनी फिलर गेजनं (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. आमची तबकडी पाच इंची, फटीतला फरक दशांश एक मिलिमीटरच्या आत आणायचा होता. पिशव्यांतल्या पट्ट्या असल्यामुळं तीन पाय तसेच बसले, कापलेल्या बोल्टाच्या पायाला नवी पट्टी लागली.

१ जूनपासून मासेमारी बंद झाली, त्यामुळं खाडीत बांधलेल्या नौकेवरच इंजिन हलक्या भारावर चालवत राहिलो. दर्याची चाचणी नारळी पौर्णिमेनंतर, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. पन्नास तास होईपर्यंत रेस पूर्ण दाबायची नाही असं चाचांचं बंधन होतं. काकांनी ते पाळलं, भावाला पाळायला लावलं. त्यानंतर सुवर्णदुर्गाच्या बाहेर त्याच पट्ट्यात दोन्ही बाजूंनी घेतलेले आकडे: १९८० आरपीएम, ७.६ नॉट, धूर फिकट. १४०० च्या आसपास एक थरथर येते, ती आधी नव्हती. चाचांचं म्हणणं मागच्या डाव्या पायाचं रबर बदलावं लागेल. ते मागवलंय, साडेचार हजार. पहिल्या ऑइलबदलाला जुना फिल्टर कापून उघडला, लोहचुंबक फिरवला, नेहमीची बारीक भुकटी सोडून काही निघालं नाही. काठीला डिझेलचा वास नाही.